पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची हत्या

ओपन वर्ल्ड प्रकारच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांत खेळाडूच्या हाती अख्खा मुलूख मोकळा दिलेला असतो. गावे, बाजार, देवळे, तुरुंग, जंगले आणि रस्त्याने ये-जा करणारी माणसे तिथे आधीपासून नांदत असतात. मुख्य कथानकाकडे कधी वळायचे, वळायचे की नाही, वाटेत कोणाला मदत करायची आणि कोणाला लुबाडायचे, हे खेळाडू ठरवतो. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीची ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही या प्रकारातली नावाजलेली मालिका. तिच्यातला ‘मॉरोविंड’ २००२ मध्ये, ‘ऑब्लिव्हियन’ २००६ मध्ये आणि ‘स्कायरिम’ २०११ मध्ये बाजारात आला.

हे खेळ खेळणारे आपल्या अनुभवाबद्दल बोलू लागले की दोन तऱ्हेच्या गोष्टी हटकून निघतात. एक तऱ्हा मुलखाच्या विस्ताराची : बर्फाळ माथ्यावरून दिसणारे खोरे, आडवाटेला सापडलेली गुहा, हातातले काम विसरून भलतीकडेच घालवलेले तास. दुसरी तऱ्हा कृत्यांची : अमक्याला मारायला नको होते, तमक्याच्या घरात चोरी केली आणि रुखरुख लागली, एक काम जिवावर आले म्हणून तसेच सोडून दिले. पहिली तऱ्हा सौंदर्यानुभवाची आहे, तिच्यात कोडे नाही. दुसरीत मात्र धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. ज्याला मारले तो कधी जगतच नव्हता, ज्याला लुटले त्याच्या मालकीचे काही नव्हतेच. मग रुखरुख लागली ती कशाची? कोणत्याही जीवाला इजा न करणाऱ्या कृत्याला पाप म्हणता येते का, आणि येत असेल तर ते कशावरून ठरवायचे?

कादंबरी वाचताना किंवा नाटक पाहताना हा प्रश्न एवढ्या धारदारपणे उभा राहत नाही. रंगमंचावर खून होतो तेव्हा प्रेक्षक खुर्चीत असतो. इथे मात्र कळ खेळाडूने दाबलेली असते आणि ती न दाबण्याची मोकळीकही त्याला असते. तो पाहणारा आहे तसा करणाराही आहे.

पुसता येणारा परिणाम

अशा बहुतेक खेळांत हवे तेव्हा खेळ सेव्ह करून ठेवता येतो आणि पुढे काही बिनसले तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. चोरीआधी सेव्ह करायचे आणि पकडले गेलो की रिलोड करायचे, ही खेळाडूंची अंगवळणी पडलेली रीत आहे. प्रत्यक्ष आयुष्यात कृत्याला जे वजन येते त्याचा मोठा भाग ते परत घेता येत नाही यामुळे येतो. इथे तेच नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ग्लॉकन एका अंगठीची कथा सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला ती सापडते. तिचे कोंदण आत वळवले की तो अदृश्य होतो. त्या बळावर तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकनचे म्हणणे असे की अशी अंगठी सज्जनाला दिली तरी तो दुर्जनासारखाच वागेल, कारण माणसे न्यायाने वागतात ती पकडले जाण्याच्या भीतीपोटी. सेव्ह-रिलोडची सोय ही अंगठीच्याही वरची. अंगठी कृत्य लपवते. रिलोड केल्यावर कृत्य घडलेलेच नसते.

‘स्कायरिम’मधली एक युक्ती खेळाडूंमध्ये विनोदाचा विषय झालेली आहे. दुकानदाराच्या डोक्यावर बादली किंवा टोपली पालथी घालायची. चोरी दिसली की नाही हे खेळ त्या माणसाच्या नजरेच्या रेषेवरून ठरवतो. बादलीने रेषा अडली की दुकान डोळ्यांदेखत रिकामे करता येते आणि मालक काही झालेच नाही अशा थाटात उभा असतो. हत्येचा नियमही याच घडणीचा. त्या मुलखात नऊ परगणे आहेत आणि खून उघडकीला आला तर त्या परगण्यात खेळाडूच्या डोक्यावर एक हजार नाण्यांचे इनाम लागते. कोणी पाहिलेच नसेल तर इनाम नाही. एकट्यादुकट्याने पाहिले असेल आणि त्यालाही संपवले, तर शेवटचा साक्षीदार मेला, इनाम रद्द, अशी सूचना पडद्यावर येते. या जगात न्याय साक्षीदारापाशी सुरू होतो आणि त्याच्यापाशीच संपतो. एकांतातले कृत्य टिपून ठेवणारा चित्रगुप्त इथे नाही.

रचनाकारांना ही पोकळी दिसत नव्हती असे नाही. ‘मॉरोविंड’मध्ये मुख्य कथानकाला आवश्यक असलेल्या व्यक्तीलाही खेळाडू मारू शकतो. मारले की भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना येते आणि खेळाडूपुढे दोन वाटा ठेवल्या जातात : जुन्या सेव्हकडे परत जावे, नाहीतर विनाश ओढवून घेतलेल्या या जगातच पुढे राहावे. खेळ थांबत नाही. फक्त काय गमावले ते सांगून मोकळा होतो. पुढच्या खेळांत अशा व्यक्तींना मरणच नाही असे करून हा प्रसंग टाळला गेला. ‘स्कायरिम’मधली लहान मुलेही अशीच अवध्य आहेत.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या ‘द विचर ३’ने (२०१५) दुसरा उपाय योजला : परिणाम लांबवणे. एका टेकडीखाली झाडाच्या मुळांत कोंडलेले एक भूत आहे. ते सोडले तर दलदलीतल्या चेटकिणींच्या ताब्यातली अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते आणि पुढे त्या भागाचा सरदार बायकोच्या मृत्यूनंतर गळफास घेतो. भुताला मारले तर सरदार वेड्या झालेल्या बायकोला उपचारांसाठी दूर घेऊन जातो, पण मुले हातची जातात. हे सारे निर्णयानंतर बऱ्याच अवधीने उघड होते. तोवर खेळ इतका पुढे सरकलेला असतो की मागे फिरणे जिवावर येते. ‘एल्डन रिंग’ (२०२२) तर स्वतःच सतत सेव्ह करत राहतो, त्यामुळे सोयीचा जुना क्षण खेळाडूच्या हाती उरत नाही. दोन्ही खेळांनी एकच गोष्ट ओळखली आहे : कृत्याला वजन द्यायचे तर परतीची वाट अवघड करावी लागते.

हिशेब ठेवणारे यंत्र

दुसरा मार्ग पापपुण्याचा जमाखर्च यंत्रानेच ठेवण्याचा. तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चोखाळला रिचर्ड गॅरियट यांनी, १९८५ च्या ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ या खेळात. उपशीर्षकातला शब्द त्यांनी हिंदू परंपरेतून घेतला. आधीच्या भागांत खेळाडू गावकऱ्यांना लुटून-मारून दुष्टाचा पाडाव करत आणि तरीही वीर ठरत, ही विसंगती त्यांना खटकली होती. चौथ्या भागात शेवटी मारण्यासाठी कोणी महादुष्ट ठेवलेलाच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आध्यात्मिकता आणि नम्रता या आठ गुणांत पूर्णत्व मिळवणे हेच ध्येय.

त्यातली अंध दुकानदारीण प्रसिद्ध आहे. मंत्रविधीला लागणारी सामग्री ती विकते आणि पैसे मोजून ठेवण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडते. कमी ठेवले तरी ती काही म्हणत नाही, पडद्यावरही काही उमटत नाही. प्रामाणिकपणाचा आकडा मात्र आतल्या आत घटतो. किल्ल्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला पुढे कधी विचारले, की आपण कुठवर आलो ते कळते. पळणाऱ्या शत्रूला जाऊ देणे, रणातून पळ न काढणे, संभाषणात फुशारकी न मारणे, सगळ्याची नोंद असते. चित्रगुप्ताची वही संगणकात उतरवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणता येईल.

पण वहीचा नियम एकदा कळला की पुण्य हा गणिताचा भाग होतो. भिकाऱ्याला एकेक नाणे पुन्हा पुन्हा देऊन करुणेचा आकडा वर नेता येतो हे खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आले. २००४ च्या ‘फेबल’मध्ये दुष्कृत्यांनी डोक्यावर शिंगे उगवतात आणि सत्कृत्यांनी तेजोवलय येते, तिथे कोणते रूप आवडते यावरून नीती ठरवता येते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये कीर्ती आणि अपकीर्ती असे दोन स्वतंत्र आकडे आहेत आणि अपकीर्ती वरचढ झाली की देवळातला आशीर्वाद मिळेनासा होतो. त्याच्या ‘नाइट्स ऑफ द नाइन’ या पुरवणीत यावर प्रायश्चित्तही सांगितले आहे. नऊ देवांच्या रस्त्याकडेच्या नऊ ठाण्यांची यात्रा पुरी केली की अपकीर्ती शून्यावर येते. पुन्हा पापे केली तर पुन्हा यात्रा करता येते.

सकाम कर्माचा हा शुद्ध नमुना आहे. तीर्थ करून पाप फिटते असे मानणाऱ्या आणि म्हणून निर्धास्तपणे नवे पाप करणाऱ्या यात्रेकरूवर संतांनी वारंवार कोरडे ओढले आहेत. यंत्राला हा यात्रेकरू आणि पश्चात्तापाने पोळलेला माणूस वेगळे ओळखता येत नाहीत. दोघेही नऊ ठाणी फिरतात, दोघांचाही आकडा सारखाच उतरतो. यंत्राची वही कृत्य टिपते. कर्त्याच्या मनात काय होते हे टिपण्याचे साधन तिच्यापाशी नाही.

हात अडखळतो ती ठिकाणे

खेळाडूंना ज्या कृत्यांची टोचणी लागते ती बहुधा यंत्राच्या वहीत मोठी नसतात. ‘ऑब्लिव्हियन’मधल्या कुस्तीच्या आखाड्यासारख्या रणांगणात अॅग्रोनॅक नावाचा अर्धा ऑर्क हा अजिंक्य योद्धा आहे. आपला बाप कोणी उमराव होता असे त्याला वाटते आणि त्याचा छडा लावण्याची विनंती तो खेळाडूला करतो. खेळाडू एका पडक्या वाड्यातून बापाची रोजनिशी आणून देतो. तीतून बाप रक्तपिपासू होता हे उघड होते. मदतीच्या मोबदल्यात योद्धा आपली काही कौशल्ये शिकवतो, पण जगण्याची उमेद गमावून बसतो. पुढे विजेतेपदाच्या झुंजीत तो शस्त्र उगारत नाही, आपल्याला मारून टाक म्हणतो. विजेता व्हायचे तर न लढणाऱ्या माणसाला मारावे लागते. खेळात एवढी माणसे मारूनही अनेकांच्या लक्षात राहतो तो हा एक मृत्यू, आणि तोही आपण केलेल्या उपकारातून आलेला.

‘स्कायरिम’मध्ये एक मुलगा रात्रंदिवस विधी करून मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेला बोलावतो आहे. ज्या अनाथालयातून तो पळून आला तिथल्या क्रूर संचालिकेला मारायचे आहे. तिला मारले की अनाथालयातली मुले आनंदाने ओरडतात. मग एके रात्री खेळाडू झोपेतून उठतो तो एका झोपडीत. समोर डोक्यावर बुरखे घातलेले, हात बांधलेले तिघे. संघटनेची प्रमुख सांगते की यांपैकी एकावर सुपारी आहे, कोणावर ते ओळख आणि मार. तिघांशी बोलता येते. एक उर्मट, एक घाबरलेला, एक तोंडाळ. खेळाडू पुरावे जुळवत बसतो. शेवटी कळते की योग्य उत्तर कोणतेच नव्हते. हुकूम पाळतो की नाही एवढेच बघायचे होते. त्याच झोपडीत हुकूम देणारीवरच तलवार चालवण्याची वाटही आहे, पण ती कोणी दाखवत नाही, स्वतःला सुचावी लागते.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती ‘स्कायरिम’मधल्याच पार्थुर्नाक्स या म्हाताऱ्या ड्रॅगनची. एके काळी मानवांचा संहार करणाऱ्या ड्रॅगनराजाचा तो उजवा हात होता. पुढे तो पालटला, माणसांना ड्रॅगनांची मंत्रविद्या शिकवली आणि डोंगरमाथ्यावर युगानुयुगे ध्यान करत स्वतःच्या स्वभावाशी झगडत राहिला. जन्मतः चांगले असणे श्रेष्ठ की दुष्ट स्वभाव कष्टाने जिंकणे, असा प्रश्न तो खेळाडूला घालतो. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्यांना या पात्राची ओळख करून द्यावी लागत नाही. ड्रॅगनांच्या विरोधात लढणाऱ्या संघटनेचे पुढारी मात्र त्याच्या जुन्या गुन्ह्यांसाठी त्याला मारण्याची मागणी करतात, आणि तोवर पुढची मदत नाकारतात. मूळ खेळात त्यांना समजावण्याची सोय नाही. मारा, किंवा ते काम यादीत कायमचे अपुरे राहू द्या. कित्येकांनी ते अपुरे ठेवले. हौशी प्रोग्रामरांनी मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोडणी, लिहून नकाराची तिसरी वाट खेळात घातली. एका आकृतीचा जीव वाचावा म्हणून खऱ्या माणसांनी खरे श्रम केले.

ग्लॉकनचे म्हणणे यामुळे खोटे ठरले असे नाही, पण अपुरे ठरले. शिक्षेची भीती नसताना खेळाडू हवे ते करतात हे बादलीच्या युक्तीने दाखवले. शिक्षेची भीती नसतानाही काही ठिकाणी हात थांबतो, हे पार्थुर्नाक्सच्या निमित्ताने दिसले. बहुधा ही दोन्ही कृत्ये एकाच खेळाडूची असतात.

रिंगण, रस, स्वप्न आणि पीठ

या अनुभवाचा अर्थ लावण्याच्या चार वाटा परंपरेने दिलेल्या आहेत.

पहिली वाट क्रीडेची. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला नेहमीच्या जीवनापासून वेगळे आखलेले स्थळ-काळाचे रिंगण मानले. रिंगणात तिथलेच नियम चालतात. हुतूतूत गडी मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. त्या मरण्यावर कोणी सुतक पाळत नाही. हे उत्तर बादलीच्या युक्तीला पुरते. अॅग्रोनॅकला पुरत नाही, कारण हुतूतूत मेलेल्या गड्याला बाप नसतो, रोजनिशी नसते. ज्याला कथा आहे त्याला मारणे केवळ डाव राहत नाही.

दुसरी वाट रसाची. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाची कल्पना मांडली. नाट्यातला शोक ना नटाचा असतो, ना प्रेक्षकाचा स्वतःचा; व्यक्तीपासून सुटलेला शोक आस्वाद्य होतो आणि त्याचा करुण रस होतो. मुलखात भटकण्याच्या आनंदाला आणि कथानकातल्या हुरहुरीला ही उपपत्ती नीट लागू पडते. पण ती सहृदय प्रेक्षकासाठी आहे. खेळाडूची टोचणी ‘असे घडले’ याची नसते, ‘मी असे केले’ याची असते. तिच्यातला ‘मी’ साधारण होतच नाही.

तिसरी वाट स्वप्नाची. स्वप्नातल्या कृत्याचा दोष लागतो का, यावर धर्मपरंपरांनी बारकाईने विचार केला आहे. बौद्ध विनयात भिक्षूच्या वीर्यपतनाविषयीच्या नियमातून स्वप्न स्पष्टपणे वगळलेले आहे. ख्रिस्ती संत ऑगस्टिन ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात हाच प्रश्न स्वतःला विचारतो : जागेपणी ज्याला नकार देतो त्याला स्वप्नात होकार देणारा मी तो मीच का? आपल्याकडे लोकपरंपरेतला हरिश्चंद्र स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी देऊन टाकतो. विनय सूट देतो, ऑगस्टिन अस्वस्थ होतो, हरिश्चंद्र सूट घेतच नाही. तिन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत आहे : स्वप्नावर इच्छेचा ताबा नसतो. खेळाडूच्या बाबतीत तो असतो. स्वप्नाची सवलत त्याला मागता येत नाही.

चौथी वाट जैन परंपरेतल्या एका कथेची, आणि या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी तीच आहे. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूटांच्या मांडलिक राज्यात ‘यशस्तिलक’ हे चंपूकाव्य पुरे केले. त्यातला नायक यशोधर हा उज्जयिनीचा राजा. राणीच्या व्यभिचाराने विटून तो राज्य सोडू पाहतो आणि अशुभ स्वप्न पडल्याची सबब पुढे करतो. स्वप्नाची शांती व्हावी म्हणून आई देवीला पशुबळी द्यायला सांगते. राजा जीवहत्येला तयार नाही. अखेर तडजोड होते आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. पुढे राणी दोघांना विष घालते. मायलेक मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून फिरतात, दर वेळी हाल होऊन मरतात. कारण एवढेच की त्यांनी पिठाचा कोंबडा मारला. हीच कथा पुष्पदंताने राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत ‘जसहरचरिउ’ या अपभ्रंश काव्यात सांगितली.

कोंबडा पिठाचा होता, रक्त सांडले नाही, कोणाला वेदना झाली नाही. तरी पाप लागले, कारण बळीचे फळ मिळावे म्हणून कोंबडा समजूनच तो कापला होता. जैन आचार्य हिंसेचे दोन भाग करतात : प्रत्यक्ष जीव घेणे ही द्रव्यहिंसा, मनातला घाताचा भाव ही भावहिंसा. पिठाच्या कोंबड्यात पहिली नव्हती, दुसरी पुरती होती. पडद्यावरच्या हत्येची घडण नेमकी हीच आहे.

भाव, प्रमाद आणि निमित्त

यशोधराची कसोटी जशीच्या तशी लावली तर प्रत्येक खेळाडू अनंत योनींचा धनी ठरेल. तसे होत नाही, कारण कसोटी कृत्याच्या बाह्यरूपाला लागत नाही, भावाला लागते. दुकानदाराच्या डोक्यावर बादली घालणारा खेळाडू त्या क्षणी माणसाला लुटत नसतो. तो यंत्राची नजर कुठे आंधळी आहे ते तपासत असतो. दुकानदार त्याच्या लेखी माणूस नसतोच. त्याच्या लेखी पीठ हे पीठच आहे. ‘स्कायरिम’मध्ये एखाद्या गावातली कोंबडी मारली तर सारा गाव शस्त्रे घेऊन धावून येतो, आणि खेळाडू ते हसत हसत मुद्दाम करून पाहतात. त्यात यशोधराचे काही नाही. अॅग्रोनॅकपुढे थबकणाऱ्याच्या लेखी मात्र समोर कोणीतरी आहे. तोच जर तरीही पुढे होऊन, मारण्यातच रस घेऊन मारील, तर भावहिंसेचे वर्णन त्याला लागू पडेल.

यावर एक जबर आक्षेप आहे. मग ज्याला काहीच वाटत नाही तो निर्दोष आणि ज्याला वाटते तो दोषी, असे विपरीत होणार नाही का? संवेदना बोथट करून घेणे हाच निर्दोष राहण्याचा मार्ग ठरेल. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तली हिंसेची व्याख्या इथे उपयोगी पडते. तिच्यात प्रमाद, म्हणजे बेसावध, बेपर्वा वृत्ती, हे हिंसेचे कारण सांगितले आहे. समोर जीव असेल तर तो न दिसणे ही सबब नाही. पडद्यावर जीव नसल्यामुळे प्रमादाने घात घडत नाही, म्हणून न पाहणाऱ्यावर दोष येत नाही. पण न पाहण्याची सवय तिथून उठून जिथे जीव आहेत तिथे आली, तर तिथे ती प्रमादच ठरेल. खेळातली हिंसा आणि प्रत्यक्षातली आक्रमकता यांच्या संबंधावर मानसशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद आहे आणि त्याचा निकाल तात्त्विक विवेचनाने लागणार नाही. इथे म्हणणे एवढेच की दोष खेळात नसून त्या ओलांडण्यात असेल.

ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ मॉर्गन लक यांनी २००९ मध्ये मांडलेला पेचही याच रेषेवर सुटू लागतो. खेळातला खून लोक चालवून घेतात, मुलांवरचे लैंगिक अत्याचार चालवून घेत नाहीत. दोहोंत प्रत्यक्ष बळी कोणी नसताना हा फरक का? भावाच्या कसोटीने पाहिले तर उत्तर असे येते : खेळातली बहुतेक मारामारी घाताची इच्छा न धरता, अडथळा दूर करण्यासारखी करता येते. दुसऱ्या प्रकारच्या कृत्यात तशी अलिप्तता शक्य नाही. ते करण्यात रस असणे म्हणजेच तो भाव असणे. म्हणून तिथे पीठ हे पीठ राहू शकत नाही.

उरतो निमित्ताचा युक्तिवाद. गीतेच्या अकराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की हे योद्धे माझ्याकडून आधीच मारले गेले आहेत, तू केवळ निमित्त हो. खेळाडूही म्हणू शकतो की ज्याचे मरण लेखकाने आधीच लिहून ठेवले त्याला मारण्यात माझे कर्तृत्व काय? सरळ रेषेत चालणाऱ्या खेळात हे बऱ्याच अंशी खरे आहे. मोकळ्या मुलखाच्या खेळात नाही. तिथे त्या वाटेला न जाणे, काम यादीत अपुरे ठेवणे, हुकूम देणारीवर उलटणे, निदान खेळ बंद करणे नेहमीच शक्य असते. पार्थुर्नाक्सला वाचवण्यासाठी मॉड लिहिणाऱ्यांनी निमित्त होण्यालाच नकार दिला. स्वातंत्र्य जेवढे खरे, तेवढी निमित्ताची सबब लंगडी.

या चर्चेतून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. खेळातले कृत्य पूर्ण अर्थाने पाप नाही, कारण त्याने जीवाचा घात होत नाही. ते शून्यही नाही, कारण त्यात भाव असू शकतो आणि भाव खराच असतो. इनाम, अपकीर्ती किंवा आठ गुणांची वही या भावाचे मोजमाप करू शकत नाही, आणि रिलोडने तो पुसलाही जात नाही. ज्याने मारून पाहिले आणि मग जुना सेव्ह उघडला, त्याने आपण मारू शकतो हे जाणून घेतलेले असते. एकाच खेळात, एकाच कळीवर, दोन खेळाडूंच्या हातून दोन वेगळी कृत्ये घडतात. यंत्राच्या नोंदीत ती एकच असतात. त्यांतला फरक फक्त खेळाडूला सांगता येतो, तोही तो स्वतःशी प्रामाणिक असेल तर.